दहा रुपये शॉर्ट

बीडमधल्या कुठल्याही पतसंस्थेच्या शाखेत संध्याकाळी सहानंतर एक विधी चालायचा. शटर अर्धे खाली यायचे, पंखा एकच चालू राहायचा आणि कॅशिअर नोटा मोजायला बसायचा. कॅश जुळली की सगळे घरी. नाही जुळली तर कोणीच नाही. एखाद्या दिवशी दहा रुपये शॉर्ट निघायचे. मग व्हाउचरचा गठ्ठा पुन्हा सुटायचा, पिग्मीच्या पावत्या पुन्हा टिक व्हायच्या, दुपारच्या चहाचे नेमके किती दिले यावर तोंडी चौकशी व्हायची. साडेआठला कॅशिअर स्वतःच्या खिशातून दहाची नोट काढून ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि त्या दिवसाची कीर्द बंद व्हायची. शाखाधिकारी समाधानाने सही करायचे. हिशेब म्हणजे हिशेब.

आता याच शहरातला दुसरा हिशेब. ज्ञानराधा मल्टिस्टेटबद्दल ईडी जे सांगते ते असे: १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष, सुमारे ४ लाख ठेवीदार, आणि २,३०० कोटींहून जास्त रक्कम संस्थेच्या अध्यक्षांच्याच कुटे ग्रुपमधल्या कंपन्यांकडे कर्ज म्हणून गेलेली, तीही पुरेसे तारण न घेता. ऑक्टोबर २०२३ मध्ये या ग्रुपवर आयकर खात्याचे छापे पडले, ठेवीदार शाखांकडे धावले, आणि या खेपेला शटर अर्धे नव्हे, पुरते खाली आले. जून २०२४ मध्ये अध्यक्ष सुरेश कुटे यांना अटक झाली. ईडीने हजार कोटींवरच्या मालमत्तेवर टाच आणली. हे आरोप आहेत, त्यांचा निकाल न्यायालय देईल. दहा रुपये मात्र कॅशिअरनेच भरले होते. त्यावर कोणाचेही दुमत नाही.

या सदराचा नायक तोच कॅशिअर, बढती मिळून पुढे अकाउंटंट झालेला. तो कोणी एक माणूस नाही, अशा बऱ्याच जणांची तेरीज आहे. त्याची संस्था कोणती हेही विचारू नये. शटर पाडण्यात बीडमध्ये ज्ञानराधा एकटी नव्हती, त्यामुळे पर्याय पुष्कळ आहेत. शिक्षण बी.कॉम., सोबत टॅली आणि एमएस-सीआयटी. अनुभव बारा वर्षे. वय असे की सरकारी जाहिरातीत बसत नाही आणि घरात बसवत नाही.

त्याची नोकरी गेली, असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. कोणी काढून टाकले नाही, कोणी पत्र दिले नाही. एका सकाळी शाखेला कुलूप होते आणि नोकरी कुलपाच्या आत होती. पगारातून दरमहा साठवलेली ठेवही आतच होती. म्हणजे कागदावर तो ठेवीदार, गल्लीच्या नजरेत आरोपी, आणि नोकरी लावून देणाऱ्यांच्या भाषेत ‘इमिजिएट जॉइनर’. एकाच माणसाला तीन खात्यांवर नावे टाकण्याची सोय टॅलीतही सहजी नाही.

पहिले काही महिने त्याने घराबाहेर पडायची वेळच बदलली. दूध पहाटे, किराणा रात्री. कारण मधल्या वेळेत शेजारच्या मावशी ओट्यावर बसलेल्या असत आणि त्यांचा प्रश्न एकच असे, “मपले पैसे कवा देताव?” मावशींनी संस्थेचा मुख्य दरवाजा कधी पाहिला नव्हता. त्यांनी याचा चेहरा पाहून मुदत ठेव ठेवली होती. जमाखर्चात याला ख्याती म्हणतात. ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला लिहितात, आणि धंदा बुडाला की सगळ्यात आधी तिचे मूल्य शून्य होते. अकरावीच्या पुस्तपालनाच्या पुस्तकात हे आहेच, पण तिथे मावशी नाहीत.

पिग्मी एजंटचे हाल तर त्याच्याहून वाईट. पिग्मीची कल्पना १९२८ ची, सिंडिकेट बँकेच्या टी. एम. ए. पै यांची. दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायचे आणि त्याची बचत उभी करायची. ती साधी, भली कल्पना कर्नाटकच्या किनाऱ्यावरून मराठवाड्यात आली आणि इथे पानटपरी, भाजीचा गाडा, सलून अशा फेरीवर रुजली. बीडच्या एजंटाने तीच फेरी वर्षानुवर्षे पायी मारली. आता त्याला शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे तर बायपासने जावे लागते.

नोकरी शोधायची तर आधी मोंढा. मोंढ्यात अकाउंटंट कायम हवाच असतो, कारण आधीचा कायम नुकताच सोडून गेलेला असतो. आडतीच्या गादीवर शेठ बसलेले, समोर कापसाचे आणि सोयाबीनचे भाव लिहिलेला फळा. मुलाखत पाच मिनिटांत आटोपली.

“मल्टिस्टेटमधी होताव म्हणं. मग तुम्हाला ठाऊकच असंल.”

“काय, शेठ?”

“काय ते.”

“मी शाखेत होतो. वरचं आम्हाला काही कळत नव्हतं.”

“शाखेत बसून कळलं नसंल तर आमच्यात बसून काय कळणारंय? आन् कळून गप बसले असताल तर ते बेस. पण मग आमचंबी कुणापाशी बोलायचं न्हाई.” मग शेठने खाली वाकून, जरा हळू आवाजात विचारले, “कच्चं-पक्कं जमतं ना?”

त्याला जमत होते. बीडमध्ये बी.कॉम. झालेल्या माणसाला पक्के बिल कॉलेजात शिकवतात आणि कच्चे कॉलेजाबाहेर. पण बारा वर्षे दहा रुपयांसाठी रात्री जागवल्यावर आता दोन वह्या ठेवायच्या म्हणजे चूक शोधायची कुठल्या वहीत, हा प्रश्न त्याने भाबडेपणाने विचारला आणि मुलाखत संपली. शेठने चहा मात्र पाजला. तो कच्च्यात गेला की पक्क्यात, कळले नाही.

दुसरा मुक्काम सीएचे ऑफिस. इथे काम भरपूर. १ जुलै २०१७ च्या मध्यरात्री जीएसटी आला आणि १ जुलै हाच सनदी लेखापालांचाही दिवस आहे, कारण त्यांची संस्था १९४९ च्या त्याच तारखेची. इतके चपखल वाढदिवसाचे बक्षीस सरकारने दुसऱ्या कुठल्या व्यवसायाला दिल्याचे ऐकिवात नाही. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, जुलैअखेर विवरणपत्रांचा पूर, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. मधल्या तारखांना पोर्टल बंद. आपल्या अकाउंटंटला हे सगळे येते. अडचण एवढीच की ते आर्टिकलशिपच्या पोरांनाही येते, आणि त्यांचा भाव वेगळा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या आत भरली. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या नियमात आर्टिकलचे विद्यावेतन गावाच्या लोकसंख्येवर ठरते, आणि ४ लाखांच्या आतल्या गावाला पहिल्या वर्षी महिना किमान एक हजार, असा दर काही वर्षे होता. म्हणजे बीडमध्ये जन्मदर वाढला असता तर आर्टिकलची चैन झाली असती. इतक्या स्वस्तात सीए होऊ घातलेला पोरगा मिळत असेल, तर बायको, दोन मुले आणि गृहकर्ज असलेला अकाउंटंट कोण घेतो?

सीए साहेब भले होते. म्हणाले, “तुम्हीच का नाही सीए करत?” हा सल्ला फुकट असतो, म्हणून सगळे देतात. प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, एवढेच लागते. एवढ्याशा अटीपायी राज्यातल्या पोरांची अर्धी जवानी पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जाते, हा भाग वेगळा.

तिसरी मुलाखत पुण्याच्या कंपनीची, ऑनलाइन. त्याने शर्ट इस्त्रीचा घातला, खाली घरातलीच पँट. मोबाइल गव्हाच्या डब्याला टेकवला. पलीकडे एचआरच्या मॅडम आणि त्यांच्या मागे हिरवळीचे खोटे चित्र.

“पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

बीडमधल्या अकाउंटंटला पाच वर्षे म्हटले की एकच गोष्ट आठवते. चौदा टक्क्यांनी ठेव सव्वापाच वर्षांत दुप्पट. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मॅडम, पाचला थोडा कमी पडेन.”

“नोटीस पिरियड?”

“नोटीस लावली होती. शटरवर.”

मॅडमना ही थट्टा वाटली. त्यांनी मागच्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ मेल करायला सांगितले. पत्रावर सही कोणाची घ्यायची? सही करणारे कोठडीत, शिक्का सीलबंद शाखेत, लेटरहेड तपास यंत्रणेकडे. कंपनीच्या वतीने कोणीतरी पार्श्वभूमी तपासायला जुन्या शाखेच्या लँडलाइनवर फोन केला असेल, तर तो आजही बंद शटरच्या आत वाजत असणार. अनुभव बारा वर्षांचा आणि पुरावा शून्य, या नोंदीला टॅलीत सस्पेन्स खाते असते. ते वर्षअखेर मिटवावे लागते. माणसाचे कधी मिटवायचे, हे एचआरच्या धोरणात नव्हते. मग मॅडमनी जाता जाता विचारले की एआय येते का. तो म्हणाला, येते, पण आमच्याकडे आधी वीज यायला लागते. आणि खरोखरच तेवढ्यात गेली.

हा दोष एकट्या बीडचा नाही, एवढा दिलासा त्याला इंटरनेटवर सापडला. एन्रॉनच्या भानगडीनंतर २००२ मध्ये आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच बड्या हिशेबी फर्मांपैकी एक कोसळली, तेव्हा तिच्याकडे जगभरात ८५ हजारांच्या आसपास माणसे होती. एन्रॉनची फाइल त्यातल्या मूठभरांनी पाहिली असेल. बाकीच्यांच्या बायोडेटावर मात्र तेच नाव होते. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्मवरचा दोषसिद्धीचा निकाल फिरवला. तोवर फर्म उरलीच नव्हती. इकडे जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातले ५ हजार कोटींवरचे रोख आणि बँकेतले पैसे मुळात नाहीतच. तिथले अभियंते तरले, कंपनी दुसऱ्याने घेतली. बुडालेली मल्टिस्टेट कोणी घेत नाही. तिच्या नावातच सगळे आले. एक राज्य पुरत नाही म्हणून दोन-चार राज्यांचे सभासद दाखवायचे, नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे २००२ च्या कायद्याखाली, आणि ठेवीदार गेवराई, माजलगाव, पाटोद्याचा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही. अकाउंटंटला हे पाठ होते. मावशींनी विचारले नव्हते म्हणून त्याने सांगितले नव्हते. विचारले असते तरी सांगितले असते का, हे तो स्वतःलाही विचारत नाही.

खरे तर हा मुलूख हिशेबाचा म्हणून ओळखला जायला हवा. भास्कराचार्यांचे विज्जडवीड म्हणजे बीडच, असे काही अभ्यासक मानतात, आणि त्यांच्या ‘लीलावती’त व्याजाची गणिते आहेत. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा दप्तराचा मुख्य अधिकारी. अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे त्या दासोपंतांची कथा तर थेट वसुलीची. परंपरा सांगते की दुष्काळात वडिलांनी सरकारी धान्य रयतेला वाटले, बिदरच्या बादशहाचा भरणा चुकला, आणि जामीन म्हणून मुलाला ठेवून घेतले. शेवटी दत्तप्रभूंनी माणसाचे रूप घेऊन रक्कम भरली. आजच्या ठेवीदारांचा अर्ज साधारण त्याच कार्यालयाकडे आहे.

आणि शेजारच्या पैठणचे नाथ. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, हिशेब नाथांकडे. एका पैची चूक राहिली म्हणून ते रात्रभर वही घेऊन बसले, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. ही गोष्ट मराठी शाळेत प्रत्येकाने ऐकली आहे. प्रत्येक अकाउंटंटने तर ती मनावर घेतली आहे, आणि त्यातच घोटाळा झाला. पै शोधायला सगळे शिकले. ज्या रकमेला शून्ये जास्त, तिची वही आपल्या टेबलावर येतच नाही, हे कोणी शिकवले नाही. शाखेत चहाचे दहा रुपये शोधणे ही शिस्त, आणि मुख्यालयाच्या कोट्यवधींबद्दल विचारणे हा उद्धटपणा. विचारणाऱ्याची नोकरी तेव्हाच गेली असती, न विचारणाऱ्याची दहा-बारा वर्षांनी गेली. दोन्हींतला फरक म्हणजे मधल्या काळाचा पगार. त्यातलाही बराचसा तिथेच ठेवीत गुंतलेला.

सल्ले मात्र कोणत्याही तारणाशिवाय मिळत राहिले. सासरे म्हणाले, तलाठी व्हायला पाहिजे होते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. फी हजार, राखीवला नऊशे. याने रिकाम्या वेळात गुणाकार करून पाहिला. नव्वद कोटींच्या वर. त्यात ना व्याज द्यायचे, ना मुदत संपल्यावर परत करायचे, ना कोणी ओट्यावर बसून विचारणार. अशी योजना एकाही मल्टिस्टेटला सुचली नव्हती. मामांचा सल्ला निराळा: स्वतःचे टॅलीचे क्लास काढ. ज्या गावात टॅली येणाऱ्याला नोकरी नाही, तिथे टॅली शिकवायला गिऱ्हाईक भरपूर, हे मामांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. मेहुणा म्हणाला, पुण्याला ये, खोलीत जागा आहे. त्या खोलीत आधीच पाच जण होते, त्यांपैकी दोघे अकाउंटंट.

पुण्याला जाणे आता अर्धे सोपे झाले आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, तेव्हा अंदाज साडेतीनशे कोटींच्या घरात होता. तो ४,८०० कोटींच्या वर गेला आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली. अंदाज आणि खर्च यांच्यातल्या या फरकाला अकाउंटंट लोक ‘व्हेरिअन्स’ म्हणतात आणि खाली कारण लिहितात. इथे कारणाचा रकाना तीस वर्षे लांब होता. ऊसतोडीचा कामगार बीडमधून बाहेर पडायला कधी रेल्वेची वाट पाहत थांबला नाही. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दर दिवाळीच्या सुमारास निघतो, आणि त्याला निघण्याआधी उचल मिळते. अकाउंटंटला मुलाखतीला जायचे भाडेही स्वतःच भरावे लागते. बी.कॉम.ची पदवी आणि कोयता यांची तुलना या एका मुद्द्यावर करून त्याने लगेच थांबवली, कारण पुढचे आकडे बायकोला दाखवण्याजोगे नव्हते.

सध्या त्याचे बरे चालले आहे, असे म्हणायला हरकत नाही. ठेवीदारांना तक्रारी द्यायच्या असतात. अर्ज, पासबुकाची झेरॉक्स, ठेवपावत्यांची यादी, आधार, बँक खाते, आणि सगळ्यात शेवटी एकूण रकमेचा तक्ता. तो तक्ता लोकांना जमत नाही. ठेव कोणत्या तारखेची, मध्ये व्याज किती निघाले, पिग्मी कर्जात वळती झाली का, हे सगळे लावून द्यायला माहितगार माणूस लागतो, आणि या विषयात त्याच्याइतका माहितगार बीडमध्ये दुसरा नाही. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एक टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची, एक कॅल्क्युलेटर. तक्त्यामागे पन्नास रुपये. ज्यांनी त्याचा चेहरा पाहून पैसे ठेवले, ते आता त्याचेच अक्षर पाहून ते परत मागायला येतात. पहिल्या दिवशी त्याने मान खाली घातली होती. आता घालत नाही, कारण बेरीज करताना मान तशीही खालीच असते.

परवा शेजारच्या मावशी आल्या. पदरात गुंडाळलेले पिग्मीचे पुस्तक, मधोमध हळदीचा डाग. त्याने पैसे घ्यायचे नाहीत असे ठरवले होते, त्यांनी आधीच पन्नासची नोट टेबलावर ठेवली होती. त्याने बेरीज केली, पुस्तकातल्या शिलकीशी ताडून पाहिली. दहा रुपयांचा फरक येत होता. पुन्हा केली, पुन्हा दहा. रांगेतला माणूस म्हणाला, “भाऊ, जाऊ द्या की, तसंबी कोण देणारंय?” दुकानदाराने मशीनवर झाकण टाकले आणि शटरला हात घातला.

“अर्धंच घ्या,” तो म्हणाला, आणि पुस्तकाचे पहिले पान पुन्हा उघडले.